वंशावळीत लेकी कुठे आहेत?

घराण्याची वंशावळ संगणकावर चढवून द्या म्हणत लोक येतात, तेव्हा सोबत बहुधा एक जुना कागद असतो. वर मूळ पुरुष, त्याखाली मुलगे, नातू, पणतू. कुणीही प्रोग्रामर म्हणेल, हे तर ‘ट्री’! प्रत्येक नोंदीच्या वर एकच नोंद, मुळाशी जाणारी एकच वाट. टेबलात ‘वडील’ नावाचा एक कॉलम ठेवला की काम झालं. मी मात्र आधी विचारते, यात लेकी कुठे आहेत?

तो कागद ट्रीत नीट बसतो, कारण त्यातून बायका वगळलेल्या असतात. आई लिहिली की प्रत्येकाच्या वर दोन माणसं येतात आणि मुळाकडे जाणाऱ्या वाटा वाढतात.

फक्त पूर्वज मांडायचे तर एक देखणी पद्धत आहे. जर्मन वंशशास्त्रज्ञ केकुले फॉन श्ट्राडोनिट्झ यांनी ती १८९८ च्या सुमारास रूढ केली. आपण १, वडील २, आई ३; कुणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. पण स्पेनचा राजा दुसरा कार्लोस घ्या. त्याची आई मारियाना ही त्याच्या वडिलांची सख्खी भाची. त्यामुळे तिसरा फिलिप त्याचा आजोबा म्हणून ४ आणि आजीचा बाप म्हणून १४. माणूस एक, नोंदी दोन. एकीत दुरुस्ती केली तर दुसरी तशीच राहते. आपल्याकडेही मामेबहिणीशी लग्नं होतात. त्या जोडप्याच्या मुलाच्या वंशावळीत १० आणि १२ या क्रमांकांवर एकच पणजोबा येतात.

दत्तकाचंही तसंच. राजर्षी शाहू महाराज १८७४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. ‘वडील’ या एका कॉलममध्ये कोणाला ठेवणार आणि कोणाला पुसणार? इथे ‘ग्राफ’ कामी येतो, म्हणजे माणसं आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचं जाळं. त्यात माणूस एकदाच येतो. त्याला जोडणाऱ्या प्रत्येक रेषेवर मात्र जन्म, दत्तक की विवाह हे लिहिता येतं.

ग्राफ फुकट मिळत नाही. भेट झालेल्या माणसांवर प्रोग्रामला खूण करत जावं लागतं, नाहीतर नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून परत नवऱ्याकडे तो फिरतच राहतो. नवं नातं जोडताना कुणी स्वतःचाच पूर्वज ठरत नाही ना, हेही तपासावं लागतं. म्हणून गाव, तालुका, जिल्हा अशी रचना असेल तर मी ट्रीच घेते. एक गाव दोन तालुक्यांत नसतं, मग ती मेहनत कशाला?

वंशावळीचा प्रोग्राम विकत घेणार असाल, तर आधी त्यात एक दत्तक मुलगा आणि मामेबहिणीशी झालेलं एक लग्न भरून पाहा. एकाच माणसाची नोंद दोनदा करावी लागली, तर तो घेऊ नका.