मापाचं पिस्तूल

गिरणीत दळणाचा डबा नंबराला लावत होते, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी मला हळूच बाजूला घेतलं. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "अगं, तू पिस्तूल घेणार आहेस म्हणे. घरात सगळं ठीक आहे ना?"

हसू दाबत मी म्हटलं, "सगळं ठीक आहे काकू. नेमबाजीचं पिस्तूल आहे ते. हवेवर चालतं."

"हवेवर? मग दोन लाख कशाला लागतात?"

प्रश्न अगदी बरोबर होता. खरं तर मी स्वतःला तो दोन वर्षं आधी विचारायला हवा होता. तसा विचारला असता तर पंचावन्न हजार रुपये आणि एक सबंध हंगाम वाया गेला नसता. मैत्रिणींनो, ती चूक तुमची होऊ नये म्हणूनच हे लिहिते आहे. तुम्ही स्वतः शिकत असा, नाहीतर मुलीला रेंजवर सोडायला जात असा, पिस्तूल विकत घेण्याची वेळ आज ना उद्या येतेच.

आमचं कोल्हापूर तालमींचं गाव, तसं आता नेमबाजांचंही. तेजस्विनी सावंत इथलीच. राही सरनोबतही इथलीच, २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणारी. मी कॉलेजात असताना एन.सी.सी.त होते. तिथे .२२ रायफलचे काही राऊंड झाडले होते, तेवढीच काय ती माझी पूर्वपुण्याई. पुढे बी.ए., लग्न, मूल आणि शाळेतली अर्धवेळ नोकरी यांत ते सगळं मागे पडलं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी शाळेच्या मुलींना एका रेंजवर घेऊन गेले. तिथल्या सरांनी मुलींबरोबर माझ्याही हातात पिस्तूल दिलं, आणि मी अडकले.

रायफल न घेता पिस्तूलच का, असं पुष्कळ जणी विचारतात. एक कारण आवडीचं, दुसरं खर्चाचं. रायफलला जाड, ताठ जाकीट लागतं, तशीच विजार लागते, बूट आणि हातमोजा लागतो. पिस्तुलाला पिस्तूल, छर्रे आणि सपाट तळाचे बूट एवढ्यात भागतं. त्यात १० मीटरचा खेळ म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाहेरच्या दारापर्यंतचं अंतर. मधला दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढा. त्यात एका हाताने, कशाचाही टेकू न घेता, सव्वा तासात साठ छर्रे मारायचे.

आता माझ्या चुकीकडे वळते.

पहिलं वर्ष मी रेंजच्या पिस्तुलावर शिकले. हे मात्र प्रत्येकीने करावं. सहा-आठ महिने स्वतःचं पिस्तूल घेऊच नये, कारण आपला हात कसा आहे हेच तोवर कळलेलं नसतं. वर्षभराने एका ओळखीच्या गृहस्थांनी आपलं जुनं पिस्तूल विकायला काढलं. नावाजलेल्या परदेशी कंपनीचं, चकचकीत, पेटीसकट पंचावन्न हजारांना. नवं दीड-दोन लाखांच्या घरात जातं, म्हणजे सौदा स्वस्तच! भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. मी फार विचार केला नाही. हे म्हणाले, "बघून घे नीट." मी बघितलंही, पण काय बघायचं हेच मला ठाऊक नव्हतं. नळी बघितली, रंग बघितला, पेटीचं कुलूप बघितलं!

त्या पिस्तुलाची मूठ होती मोठ्या मापाची. मूळ मालकाचा पंजा असेल पैलवानाचा. बांगडीचं दुकान आठवा. दोन-चारची बांगडी लागणाऱ्या हातात कुणी दोन-दहाची घालेल का? पिस्तुलाच्या लाकडी मुठीलाही तशीच मापं असतात, लहान, मध्यम, मोठं, शिवाय उजवी आणि डावी. माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकाने पोहोचायचं. मग ओढताना ते सरळ मागे न येता ट्रिगरला बाजूला ढकलायचं, आणि छर्रे डावीकडे. सर म्हणायचे, "मॅडम, बोट बघा." मी बोट बघून बघून थकले. पोहोचावं म्हणून मूठ आवळून धरायची, त्यामुळे मनगट दुखायला लागलं. पोळ्या लाटताना कळ यायची. घरात सांगायचीही चोरी, कारण पैसे मी माझ्या हट्टाने घातलेले.

त्यावर कळस म्हणजे पहिली स्पर्धा. स्पर्धेआधी सामान तपासतात. तिथे पंचांनी हवेचा सिलिंडर उलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. मुदत संपलेली! या पिस्तुलात साधारण २०० बार दाबाची हवा भरलेला सिलिंडर असतो आणि त्याच्यावर बनवल्याची किंवा संपण्याची तारीख कोरलेली असते, औषधाच्या बाटलीवर असते तशी. दुधाच्या पिशवीवरची तारीख रोज वाचणारी मी, हीच तेवढी वाचली नव्हती. आयत्या वेळी दुसरा सिलिंडर कुठून आणणार? बॅग उचलून स्टँडवर आले आणि एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यानंतर मी ठरवलं, घाई करायची नाही. भिशी पुन्हा लावली, शिकवणीच्या दोन बॅचेस वाढवल्या, आणि वर्षभर जिथे जाईन तिथे लोकांची पिस्तुलं हातात घेऊन पाहिली. नेमबाज मंडळी याबाबतीत उदार असतात, विचारलं तर देतात. स्टायर, वॉल्थर, मोरिनी, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ ही नावं तुम्हाला रेंजवर हमखास ऐकू येतील. ही सगळीच चांगली, साठही छर्रे बटणात घालण्याची ऐपत असलेली. तेव्हा 'कुठली कंपनी चांगली' हा प्रश्न सोडून द्या. प्रश्न आहे आपल्या हाताचा.

हात पारखायची एक सोपी युक्ती सरांनी शिकवली. रिकामं पिस्तूल मुठीत नीट बसवायचं, लक्ष्याकडे हात लांब करायचा, डोळे मिटायचे. दोन श्वास घेऊन डोळे उघडायचे. नळीच्या टोकाला एक चौकोनी उभा तुकडा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला खाच असते. डोळे उघडल्यावर माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली, तर ती मूठ आपली. एका बाजूला सरकलेली दिसली तर मनगट वाकवून ती मध्ये आणावी लागणार, आणि साठ वेळा वाकवलेलं मनगट चाळिसाव्या छऱ्यानंतर दगा देणार. मी हे निदान दहा-बारा पिस्तुलांवर केलं. दोनच अशी निघाली की डोळे उघडले आणि माशी मध्ये!

ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग यावा, आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला चिकटू नये, मध्ये थोडी फट दिसावी. तळहाताखाली जी सरकती फळी असते ती हाताला नुसती टेकावी, चिमटा बसता कामा नये. थोडाफार फरक असेल तर घाबरू नका. नको तिथलं लाकूड कानशीने घासता येतं. पोकळ जागी सुतार भरतात ती लांबी भरता येते. ब्लाउजला टाके घालतो तसंच हे. पण लहान ब्लाउज मोठा होत नाही आणि फारच ढगळ ब्लाउजाची टाक्यांनी शोभा जाते, तसं मूळ माप मात्र जवळचंच हवं.

वजनाचं म्हणाल तर नियमाने दीड किलोपर्यंत चालतं. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आतबाहेर असतात. दुधाची लिटरची पिशवी एका हाताने खांद्याच्या उंचीवर धरून अर्धा मिनिट उभ्या राहा, म्हणजे काय ते कळेल. काही कंपन्या आखूड नळीची, हलकी पिस्तुलंही बनवतात. खांदा तयार नसलेल्या मुलींना आणि माझ्यासारख्या उशिरा सुरुवात करणाऱ्यांना ती बरी पडतात. मात्र फार हलकंही नको, ते हातात थरथरतं. हलकं घ्यावं आणि पुढे ताकद आली की नळीखाली छोटी वजनं लावावीत, तशी सोय असते का ते आधी विचारावं.

ट्रिगरचा दाब निदान ५०० ग्रॅम हवा असा नियम आहे. तपासताना त्यावर वजन टांगून बघतात. ट्रिगर दोन तऱ्हेचे मिळतात, यांत्रिक आणि विजेचा. विजेचा फार सुरेख, लोण्यासारखा सुटतो. पण त्यात बॅटरी आली, सर्किट आलं. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, ते दुरुस्त करण्यात वेळ गेला, आणि ती ५७५ गुणांवर, बाराव्या जागी राहिली. तीच मुलगी २०२४ साली पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली ही गोष्ट वेगळी. तिच्या दिमतीला जाणकार माणसं होती. आपल्या गावात ते सर्किट कोण दुरुस्त करणार, असा विचार करून मी यांत्रिकच घ्यायचं ठरवलं. कुणी मला भित्री म्हणेल, म्हणू दे.

आणखी एक सोय मी आवर्जून पाहिली, कोरड्या सरावाची. म्हणजे छर्रा आणि हवा न वापरता ट्रिगर तसाच सुटतो, टक् एवढाच आवाज. दुपारी घर रिकामं झालं की मी कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून वीस मिनिटं हा सराव करते. कुकरची शिट्टी झाली तरी माशी हलू द्यायची नाही असा नेम केला आहे. भिंतीपलीकडे कुणाचा वावर नसावा आणि पिस्तूल रिकामं असल्याची दरवेळी दोनदा खात्री करावी, हे सांगायला नकोच. पिस्तूल कपाटात कुलपात, किल्ली माझ्याकडे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून त्यांची डबी स्वयंपाकघरात आणत नाही, आणि रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावत नाही.

परवान्याचं पुष्कळजणी घाबरत विचारतात. ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० जूलच्या आतली ताकद असलेल्या हवेच्या पिस्तुलाला २०१६च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची पिस्तुलं या मर्यादेच्या खूप खालीच असतात. राही खेळते ते .२२चं पिस्तूल मात्र बंदुकीतच मोडतं, त्याला परवाना हवाच. तरीही पावती जपून ठेवावी आणि पिस्तूल बंद पेटीतूनच न्यावं. दिसायला ते पिस्तूलच आहे, एस.टी.त काढून मैत्रिणीला दाखवायची वस्तू नव्हे.

घरातल्या मुख्य अडचणीचं सांगायचं राहिलं. नियम असा आहे की पिस्तूल धरलेल्या हातात घड्याळ, पट्टा, कडं, बांगडी काही चालत नाही, मनगटाला आधार मिळतो म्हणून. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या जेवता जेवता थांबल्या. "सवाष्णीने मोकळ्या हाताने बाहेर जायचं? आणि वर दोन लाख घालायचे? तेवढ्यात तुझ्या पाटल्या झाल्या असत्या."

मी म्हटलं, "आई, डावा हात भरलेलाच राहील. उजव्यातल्या रेंजवरच काढीन आणि तिथेच घालीन." त्या काही बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, कारण पाटल्यांचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अडीअडचणीला पाटल्या मोडता येतात. पिस्तूल मोडायला गेलं तर जुन्याचा काय भाव येतो, ते मी अनुभवलंच होतं.

दिवाळीनंतर नवं पिस्तूल आलं. कुठलं, ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर माझ्या हाताचं पिस्तूल तुम्ही तुमच्या हातासाठी मागवाल. पेटी उघडली तेव्हा सगळे भोवती जमले होते. सासूबाईंनी आधी चष्मा लावला, मग सिलिंडर हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "तारीख कुठे असते ती दाखव बघू." वाचून झाल्यावर आतून एक मखमली बटवा आणला आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवला. "बांगड्या यात ठेवत जा. छऱ्यांत नकोत."

गेल्या महिन्यात साठ छऱ्यांत ५३१ झाले. सहाशेपैकी ५३१ म्हणजे फार नव्हेत, पण जुन्या पिस्तुलावर मी ४९० ओलांडले नव्हते. मनगट दुखत नाही.

जुनं पिस्तूल बरेच दिवस तसंच पडून होतं. शेवटी रेंजवरच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं. सहा फूट उंची, पंजा सुपाएवढा. मी त्याला आधी सिलिंडरची संपलेली तारीख दाखवली, नव्याचा खर्च सांगितला, तेवढे पैसे किमतीतून कमी केले. मग म्हटलं, "आता धर, आणि डोळे मीट." त्याने हात लांब केला, डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, मध्येच आहे की!"

ते पिस्तूल मी त्याला छत्तीस हजारांना दिलं.