कुतूहल खडकांचे : गार्नेटने गिळलेला पुरावा

नवरत्नांच्या अंगठीतला गोमेद हा गार्नेट कुळातला. याच कुळातले तांबडे दाणे लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराजवळच्या खडकांत आढळतात. झाडाच्या खोडाप्रमाणे गार्नेटही थरावर थर चढवत वाढतो. खडक तापत असताना गाभ्यात मँगेनीज अधिक साठते, कडेला मॅग्नेशियम. त्यावरून तापमान कसे चढत गेले ते काढता येते.

दाबाची साक्ष मला याहून विलक्षण वाटते. वाढताना गार्नेटने गिळलेल्या कणांत कोएसाइट सापडले. गारगोटीच्याच घटकांची ही अधिक घट्ट रचना. जमिनीखाली ती घडायला सुमारे ९० किलोमीटर खोलीचा दाब लागतो. म्हणजे भारतीय भूखंडाची कड आशियाखाली तितकी खोल गेली होती! खडक वर येताना बरेचसे कोएसाइट पुन्हा गारगोटी झाले, फुगले आणि त्याने भोवतालच्या गार्नेटला चहूबाजूंनी तडे पाडले.