गाडीला खारं पाणी पाजू नका!

गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही अमरावतीहून अकोल्याला, माझ्या माहेरी निघालो होतो. याच रस्त्याची ७५ किलोमीटरची एकेरी लेन २०२२ साली १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात गेली, तेव्हा रस्त्याबद्दल तक्रार नाही. पण मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीचा काटा लाल रेघेवर चढला नि बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. हे घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. मी हातच धरला. "अहो, वाफ जिरल्याशिवाय कुकर तरी उघडतो का आपण?"

गाडी निवल्यावर मेकॅनिकने आत पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, गाडीले खारं पानी पाजलं का जी तुमी?"

पाजलं होतं खरं! जाता-येता दादा अंगणातल्या बोअरचं पाणी ओतून देई. आपल्या पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. त्या पाण्याचे क्षार बादलीवर पांढरे दिसतात, तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, शिवाय धातूला गंज चढतो. कूलंट असलं की गंज आवरतो आणि पाणी उशिरा उकळतं.

आता हे काम मी घरीच करते. सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना. किल्ली काढून ठेवायची, कारण पंखा केव्हा फिरेल सांगता येत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून, जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुळीच न शिरता, रेडिएटरच्या खालचा बूच सैल करायचा नि घमेलं लावायचं. जुनं पाणी निथळलं की बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा धुऊन काढायचं. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट भरायचं. दोन जातींची मिसळ करायची नाही. तयार मिळतं ते तसंच, नाहीतर दाट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर सांगितल्या प्रमाणात. हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवलं की हवेचे बुडबुडे निघतात. पूर्ण थंड झाल्यावर टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे ना, तेवढं पाहायचं.

एवढं सगळं नीट केलं नि घमेलं मात्र ओट्याजवळ तसंच ठेवून मी हात धुवायला आत गेले. बाहेर येते तो शेजारची चिमुरडी त्या हिरव्यागार पाण्यात बोट बुडवून उभी! "काकू, सरबत?" बोट तोंडाकडे चाललेलं. माझ्या तर पोटात गोळाच आला. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं नि मूत्रपिंडं निकामी करतं. मांजर, कुत्रंही आवडीने चाटतं. कुणी गिळलंच तर त्रास व्हायची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

तेव्हापासून निथळलेलं पाणी तिथल्या तिथे झाकणाच्या कॅनमध्ये जातं. वर मोठ्या अक्षरात 'विष' लिहिते. नालीत ओतत नाही. गॅरेजमध्ये देऊन येते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरत नाही.

ब्रेक ऑइल बदलायला मात्र मी अजून गॅरेजवाल्याकडेच जाते. त्यात हवा राहिली तर ब्रेकच लागणार नाही, आणि मागे मुलं बसलेली असतात.