रोलर हॉकीच्या सरावाला ट्रेडमिल घ्यावी का?

खोपोलीतल्या एका पालकांनी विचारलं, "दादा, पावसाळ्यात मुलीचा सराव बंद पडतो. घरच्या ट्रेडमिलवर स्केट्स घालून चालेल का?"

कृपया नको! धावण्याच्या ट्रेडमिलचा पट्टा अरुंद असतो. स्केटिंगमध्ये पाय मागे नाही, बाजूला रेटायचा असतो. तो रेटा पट्ट्याबाहेर गेला की मूल पडलंच.

खरी स्केटिंग ट्रेडमिल वेगळी. तिचा पट्टा ऐसपैस रुंद, आइस हॉकीच्या पात्यांसाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडून केलेला. चढ वाढवता येतो, वरून सुरक्षा-दोर बांधतात. खेळाडू जागच्या जागी राहतो, त्यामुळे प्रशिक्षकाला गुडघा किती वाकला हे नीट दिसतं. पण वळणं, थांबणं, धक्काबुक्की त्यावर शिकता येत नाही. शिवाय हे मोठ्या केंद्राचं यंत्र, घरातलं नव्हे.

कर्जत-खालापुरात जून ते सप्टेंबर उघडं मैदान विसराच. ओल्या कोब्यावर चाकं सटकतात, बेअरिंग गंजतात.

माझ्या मते घरासाठी स्लाइड बोर्ड उत्तम. गुळगुळीत फळी, दोन्ही टोकांना अडसर. बुटांवर मोजे चढवायचे, एका अडसराला रेटून दुसरीकडे घसरायचं. मांडीची आतली-बाहेरची बाजू नेमकी कामाला लागते. लांबी मुलाच्या उंचीप्रमाणे बदलता येणारा घ्या. अडसर हलत नाही ना, हे स्वतः उभं राहून तपासा. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाच्या छोट्या फेऱ्या पुरेत. गुडघे वाकलेले, नजर समोर, हातात स्टिक.

मुलाचं वय आणि घरातली जागा कमेंटमध्ये लिहा, कोणता बोर्ड बरा ते सांगतो.