गळाच्या रिळाची निगा, दुरुस्ती व निवड : सूचनांच्या भाषेसह एक विवेचन

एखादे यंत्र कसे वापरावे व त्याची निगा कशी राखावी हे सांगणारे गद्य अभ्यासकांच्या दृष्टीने सामान्यतः उपेक्षितच राहते. वास्तविक शब्दांच्या अचूकपणाची कसोटी जशी अशा गद्यात लागते तशी ती अन्यत्र क्वचितच लागते. कारण तेथे एखादे क्रियापद संदिग्ध राहिले, तर त्याचा परिणाम वाचकाच्या हातातील वस्तूवर होतो. गळाने मासे धरण्यासाठी वापरले जाणारे रीळ हे या दृष्टीने एक बोधप्रद उदाहरण आहे. ते आकाराने मुठीएवढे असते, परंतु त्यात दातेरी चाके, बेअरिंगे, स्प्रिंगा व घर्षणाच्या चकत्या यांची गर्दी असते; आणि त्याला खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात काम करावे लागते. प्रस्तुत लेखात या यंत्राची रचना, निगा, दुरुस्ती व निवड यांचे विवेचन करावयाचे असून, त्या ओघात सूचनांची भाषा कोठे अपुरी पडते हेही पाहावयाचे आहे.

१. नाव व रचना

कोकण किनाऱ्यावर गळाने मासे धरण्याच्या क्रियेस 'गरवणे' असे म्हणतात. 'गरी' या नामापासून सिद्ध झालेले हे क्रियापद बोलीत आजही सुस्थित आहे. गरी व शिसे बांधलेली दोरी हाताने भिरकावणे आणि हातानेच ओढून घेणे ही मूळची पद्धत होय. पुढे दोरीची जागा नायलॉनच्या तंगुसाने घेतली. काठी व रीळ यांचा प्रसार मागाहून झाला आणि त्यांच्या सुट्या भागांची नावे बव्हंशी इंग्रजीतूनच आली. 'रीळ' हा शब्द मात्र मराठी वाचकास शिवणकामाच्या दोऱ्यामुळे आधीच परिचित होता. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कारण प्राचीन इंग्रजीतही या शब्दाचा मूळ अर्थ सूत गुंडाळण्याचे साधन असाच होता.

या उपकरणाचा इतिहास दीर्घ आहे. इ. स. ११९५ च्या सुमाराचे म्हणून ओळखले जाणारे मा युआन या चिनी चित्रकाराचे एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात नावेत बसलेल्या कोळ्याच्या काठीला असे चक्र लावलेले दिसते. इंग्लंडमध्ये १६५१ साली टॉमस बार्कर याने आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या रिळाचे मूळ मात्र वस्त्रोद्योगात आहे. ब्रॅडफर्ड येथील लोकर-व्यवसायातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ साली स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. बॉबिन स्वतः न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटत जाते, हेच तत्त्व त्याने दोरीला लावले.

यावरून रिळाचे दोन मुख्य प्रकार स्पष्ट होतात. पहिल्या प्रकारात, म्हणजे स्थिर स्पूलच्या रिळात, फेक करताना स्पूल फिरत नाही. दोरी तिच्या काठावरून निसटत जाते. हॅण्डल फिरविले की स्पूलभोवतीचा रोटर फिरतो आणि त्यावरील 'बेल' नावाची तारेची कमान दोरीला धरून ती स्पूलवर गुंडाळते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मल्टिप्लायर रिळात, फेक करताना स्पूल स्वतःच वेगाने फिरते. दोरीपेक्षा स्पूलचा वेग वाढला तर क्षणार्धात गुंता होतो. म्हणून तिला आवर घालणारा ब्रेक तेथे आवश्यक असतो.

२. 'ब्रेक' आणि 'ड्रॅग' यांतील भेद

येथेच पहिली भाषिक अडचण उपस्थित होते. 'ब्रेक' फेकीच्या वेळी काम करतो, तर 'ड्रॅग' मासा ओढू लागल्यावर. दोहोंचा मराठीत 'गतिरोधक' असा एकच अनुवाद केल्यास दोन भिन्न क्रिया एक होऊन जातात. शिवाय 'ड्रॅग' हा शब्द चकत्यांची यंत्रणा आणि त्या यंत्रणेने दोरीवर येणारा ताण अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'ड्रॅग खराब झाला' आणि 'ड्रॅग जास्त झाला' या वाक्यांतील तो शब्द एक नव्हे. पहिल्याचा उपाय चकत्या बदलणे हा आहे, दुसऱ्याचा केवळ खुंटी सैल करणे.

ड्रॅगची यंत्रणा म्हणजे एकावर एक रचलेल्या धातूच्या व नमद्याच्या किंवा कार्बन-तंतूंच्या चकत्या होत. खुंटी आवळली की त्या परस्परांवर दाबल्या जातात. दोरीवरील ताण ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला की चकत्या घसरतात, स्पूल फिरते आणि दोरी न तुटता सुटत जाते. ही मर्यादा दोरी तुटण्याच्या ताणाच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश ठेवावी असा संकेत आहे. उदाहरणार्थ, ६ किलोला तुटणाऱ्या तंगुसासाठी दीड ते दोन किलो. हे माप ताणकाट्याने घ्यावे आणि तेही दोरी काठीच्या कड्यांतून ओवून घ्यावे. कारण वाकलेल्या काठीच्या कड्यांतील घर्षणाने ताण वाढतो.

या संदर्भात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. चकत्यांचा अवरोध तोच राहिला तरी स्पूलवरील दोरी कमी होत जाते, तसतशी वेटोळ्याची त्रिज्या घटते व दोरीवरील ताण त्या प्रमाणात वाढतो. भरलेल्या स्पूलची त्रिज्या २५ मिलिमीटर असताना ताण २ किलो असेल, तर त्रिज्या १६ मिलिमीटरवर येताच तो ३ किलोंच्या वर जातो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचा अवरोध मिळतो. अशा वेळी नवशिका भीतीपोटी खुंटी आणखी आवळतो. वास्तविक ती किंचित सैल करावयास हवी. दोरी तुटली तर हानी केवळ माणसाची होत नाही. मासा तोंडातील गरी आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन जातो व ती खडकात अडकल्यास तो मरतो.

३. धुणे आणि वंगण देणे

'वापरानंतर रीळ धुवावे' ही सूचना सर्वत्र आढळते आणि तीच अनेक रिळांच्या नाशास कारण होते. मराठीत पाण्याशी संबंधित क्रियापदे विपुल आहेत : धुणे, विसळणे, खंगाळणे, बुडविणे, शिंपडणे, निथळणे, पुसणे. त्यांतील नेमके कोणते अभिप्रेत आहे हे सांगितल्याविना सूचना पुरी होत नाही. रीळ पाण्यात बुडवू नये. खाऱ्या पाण्याचे कण त्यामुळे आतपर्यंत पोहोचतात. नळाच्या जोरदार धारेखालीही धरू नये. कारण धारेच्या दाबाने मीठ फटींतून आत रेटले जाते. प्रथम ड्रॅगची खुंटी आवळून चकत्यांकडे जाणारी वाट बंद करावी, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यावा, पाणी निथळू द्यावे, कोरड्या फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळवावे. त्यानंतर खुंटी सैल करून ठेवावी. चकत्या दीर्घकाळ दाबलेल्या राहिल्या तर नमदा चेपला जातो व ड्रॅग गचके देऊ लागतो.

'वंगण' या शब्दाची गोष्ट अशीच आहे. त्यात पातळ तेल व घट्ट ग्रीस या दोहोंचा समावेश होतो. परंतु रिळात त्यांची स्थाने भिन्न आहेत. दातेरी चाकांना ग्रीस हवे. बेलच्या टोकावरील लहान रोलर, हॅण्डलची मूठ व बेलचे सांधे यांना तेलाचा एकेक थेंब पुरतो. हॅण्डल उलटे फिरू न देणाऱ्या वनवे क्लचमध्ये ग्रीस मुळीच जाता कामा नये. तेथील बारीक रोलर ग्रीसमुळे निसटू लागतात. ड्रॅगच्या चकत्यांना सामान्य तेल लागले तर त्यांची पकड जाते. ज्यांना वंगण चालते त्यांना ड्रॅगसाठीच केलेले ग्रीस लावावे.

४. दोषांची चिकित्सा व दुरुस्ती

दुरुस्तीचा आरंभ लक्षणांच्या नेमक्या वर्णनापासून होतो. 'रीळ नीट चालत नाही' या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. दोरीला पीळ पडत असेल तर बेलवरील रोलर अडकला आहे काय ते पाहावे. तो फिरत नसल्यास दोरी त्यावर घासून झिजते. पिळाचे दुसरे कारण वापरणाऱ्याच्या हातातच असते : ड्रॅग सुटत असताना हॅण्डल फिरवीत राहिल्यास रोटरच्या प्रत्येक फेऱ्यास एक पीळ बसतो. हॅण्डलच्या एका फेऱ्यात रोटर पाच वेळा फिरत असेल, तर दहा फेऱ्यांत पन्नास पीळ पडतात. हॅण्डल मागे गचकत असेल तर वनवे क्लच संशयित ठरतो. जुन्या रिळांत हेच काम दातेरी चाक व त्यात अडणारा खटका करीत असे. सायकल-दुरुस्तीत फ्रीव्हीलमधील अशा खटक्याला 'कुत्रा' म्हणतात. हा शब्द सांगितला की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. फिरविताना खरखर जाणवत असेल तर बेअरिंगात मीठ शिरले असावे किंवा चाकांचे दात झिजले असावेत. बेअरिंग सुटे करून बोटावर फिरविले की दोहोंतील फरक कळतो.

रीळ उघडताना काढलेला प्रत्येक भाग क्रमाने ताटात मांडावा. विशेषतः कागदासारख्या पातळ चकत्यांचा क्रम चुकला तर दातांची जुळणी बिघडते. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणाराच पेचकस घ्यावा. ॲल्युमिनियमच्या अंगात बसविलेला पोलादी स्क्रू खाऱ्या पाण्यामुळे गंजून जाम होतो; म्हणून पुन्हा बसविताना त्याच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे.

५. निवड

खरेदीच्या वेळी रिळावर छापलेला आकारांक, उदाहरणार्थ २५०० किंवा ४०००, हा उत्पादकाचा स्वतःचा संकेत असतो. सर्वांचे अंक सारखे नसतात. बेअरिंगांची संख्याही गुणवत्तेचे प्रमाण नव्हे. विचारात घ्यावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. पहिली दोरीची धारणक्षमता : ०.३० मिलिमीटर जाडीची २०० मीटर दोरी मावणाऱ्या स्पूलवर ०.४० मिलिमीटरची सुमारे ११२ मीटरच मावते, कारण व्याप जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुसरी गिअरचे गुणोत्तर : ४५ मिलिमीटर व्यासाच्या वेटोळ्यावर ५ पट गुणोत्तराने एका फेऱ्यात सुमारे ७० सेंटिमीटर दोरी येते, ६ पट गुणोत्तराने सुमारे ८५. मात्र वेग वाढला की त्याच ताणासाठी हॅण्डलवर अधिक जोर द्यावा लागतो. खडकांवरून जड शिसे फेकणाऱ्यास कमी गुणोत्तर सोयीचे ठरते. तिसरी गोष्ट ड्रॅगची सुरुवात : दोरी हळूहळू ओढून पाहावी, ती गचका न देता सुटू लागली पाहिजे. चौथी, आणि बहुधा विसरली जाणारी, गोष्ट म्हणजे सुटे भाग व भागांचा आराखडा मिळण्याची सोय. स्वस्त रिळाचा एक लहान स्प्रिंग मिळाला नाही तर सारे यंत्र टाकून द्यावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. एक, रिळाचे आयुष्य मोठ्या दुरुस्तीपेक्षा दर वापरानंतरच्या दहा मिनिटांच्या निगेवर अवलंबून असते. दोन, त्या निगेच्या सूचना लिहिताना भागांची नावे इंग्रजीतून घेतली तरी अडत नाही. 'स्पूल', 'बेल', 'ड्रॅग' हे शब्द वापरणाऱ्यांनी स्वीकारलेच आहेत. अडते ते क्रियापदांपाशी. विसळणे आणि बुडविणे, तेल देणे आणि ग्रीस लावणे, आवळणे आणि घट्ट बसविणे हे भेद मराठीत पूर्वीपासून आहेत. तांत्रिक परिभाषेची चर्चा बहुतांशी नामांपुरती होत असते; तिने या क्रियापदांकडेही लक्ष पुरविले तर मराठीतील व्यावहारिक गद्य अधिक उपयुक्त होईल.