मोबाईलवर ‘ओपन’ दाबलं, मग सावली पडली की ऊन आलं?

छत्री उघडली की सावली होते. खिडकीचा पडदा उघडला की ऊन आत येतं. शब्द एकच, काम उलटं. मोबाईलवर चालणाऱ्या ताडपत्री आणि शेडनेटचा सगळा घोळ इथेच आहे.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून दुकानापुढे, ओट्यावर, गोठ्यावर गुंडाळता येणारी सावली लोक करतात. आता तिला मोटर आणि वाय-फाय जोडायची सोय झाली आहे. अ‍ॅपमध्ये बटणं तीनच : ओपन, स्टॉप, क्लोज.

आमच्या गोठ्यावर मी असंच शेडनेट बसवलं. मागच्या उन्हाळ्यात मी तालुक्याला होतो आणि आभाळ भरून आलं. वावधन सुटायच्या आत नेट गुंडाळावं म्हणून ‘क्लोज’ दाबलं. स्क्रीनवर ‘क्लोज’ आलं, मी निर्धास्त. घरी येऊन बघतो तर नेट पूर्ण पसरलेलं, एका बाजूनं फाटलेलं, पाइप वाकलेला. खाली गायी बांधलेल्या होत्या, थोडक्यात वाचल्या. अ‍ॅप खोटं बोललं नव्हतं. त्याच्या लेखी ‘क्लोज’ म्हणजे गोठा झाकला. माझ्या लेखी ‘क्लोज’ म्हणजे नेट मिटलं.

असं का होतं?

खिडकीचा पडदा किंवा शटर ‘क्लोज’ म्हणजे झाकलेलं. काही अ‍ॅप तोच हिशोब ताडपत्रीलाही लावतात, काही छत्रीचा लावतात. टक्क्यांचंही तेच. ‘होम असिस्टंट’ या प्रणालीत ० म्हणजे पूर्ण बंद, १०० म्हणजे पूर्ण उघडं. ‘झिगबी’च्या नियमात मात्र ० उघडं आणि १०० बंद. दोन्ही जोडताना सेटिंग चुकली की आकडा उलटा दिसतो.

त्यात आपल्या ‘बंद’ शब्दाचे दोन अर्थ. मोटर बंद म्हणजे थांबलेली, दार बंद म्हणजे लावलेलं. फोनवर ‘नेट बंद कर’ म्हटलं तर घरच्यानं काय समजायचं?

काय करावं?

१. बसवणारा माणूस जायच्या आधी समोर उभं राहून दोन्ही बटणं दाबून बघा. ० आणि १०० ला काय होतं तेही बघा.

२. उलटं वाटलं तर मोटरची दिशा बदलायची सेटिंग आहे का, ते त्याच्याकडून समजून घ्या.

३. अ‍ॅपमध्ये नाव बदलता येत असेल तर ‘क्लोज म्हणजे सावली’ असं जे खरं असेल ते नावातच लिहा. घरच्या सगळ्यांना दाखवा.

४. काही मोटरी किती सेकंद फिरल्या त्यावरून जागा ठरवतात. मध्येच लाईट गेली किंवा कोणी हातानं नेट ओढलं, तर अ‍ॅपचा आकडा चुकतो. लाईट आल्यावर एकदा टोकापर्यंत नेऊन खात्री करा.

५. वाऱ्याचं लक्षण दिसलं की सावली गुंडाळलेलीच बरी. लांब असाल तर स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, घरी फोन लावा.

फोनवर विचारताना ‘उघडं आहे का?’ विचारू नका. ‘गोठ्यात सावली आहे का?’ असं विचारा. याचं उत्तर लहान पोरगंही बरोबर देतं. आम्ही आता तेच विचारतो.