दात पडला तर आधी दूध!

गेल्या वर्षी मुलांच्या रविवारच्या क्रिकेटमध्ये एक चेंडू भलताच उसळला आणि दहा वर्षांच्या एका मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. कोच म्हणून मैदानावर आम्ही मंडळाचे कार्यकर्तेच होतो. कोणी बर्फाला धावले, कोणी पोराची मान मागे टाकून बसवले. दात आम्ही नळाखाली खसाखसा धुतला, टिश्यूत गुंडाळला आणि खिशात ठेवला. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून हे केले! दंतवैद्यापर्यंत पोहोचायला दीड तास लागला. दात गेला.

दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो. त्यातल्या पेशी जिवंत असतील तरच दात पुन्हा नीट धरतो. कोरड्यात त्या तासाभरात मरतात. आणि नळाचे पाणी? शाळेत पाण्यात टाकलेली मनुका फुगलेली पाहिली होती ना, तेच. पाणी पेशींत शिरते आणि त्या फुटतात. दुधातले क्षार-साखरेचे प्रमाण पेशींतल्यासारखे असते, म्हणून त्यात त्या काही तास तग धरतात.

तेव्हा दात उचलायचा तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून. मुळाला हात नाही. माती असेल तर दुधात क्षणभर खळबळायचा. मूल शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथे जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा आणि थेट दंतवैद्य गाठायचा. जमत नसेल तर दात दुधात बुडवून न्यायचा. दूध नसेल तर मुलाच्याच थुंकीत. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

घोळणा फुटला की आपल्याकडे मान मागे आणि नाकाशी कांदा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात, असे मूल म्हणाले तर हाड मोडल्याची शंका घ्यावी. शुद्ध हरपली तर ९९५.

१९८९ साली सियालकोटला वकारचा चेंडू नाकावर बसला, तरी सोळा वर्षांचा सचिन रक्त पुसून खेळला, ५७ धावा केल्या. २००२ मध्ये अँटिग्वाला कुंबळेने मोडलेला जबडा बांधून गोलंदाजी केली आणि लाराला बाद केले. या गोष्टी आम्ही मुलांना रंगवून सांगतो. पण कुंबळे पुढे शस्त्रक्रियेसाठी घरी परतला, हे सांगायचे राहते. त्यामुळे ‘काही नाही झालं, खेळ’ हे वाक्य कोचच्या तोंडी फार लवकर येते. आमच्याही आले होते.

इथे हॉकी, रग्बी, फ्लोअरबॉल खेळणारी आपली मुले पुष्कळ. पालकांनो, कोचला एकदा विचारा: दात पडला तर काय कराल? उत्तर ऐकून आपण ठरवा. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून, चावून बसवायचे मिळते. दंतवैद्याने मापाने केलेले अधिक बरे. वाढत्या वयात दर वर्षी तपासावे. क्रिकेटला जाळीचे हेल्मेट हवेच, यष्टिरक्षकालाही.

आता आमच्या किटबॅगेत, बर्फाच्या डब्यात, साध्या दुधाचा छोटा पॅक असतो. चॉकलेटचा नाही, एवढे सांगूनही मागच्या रविवारी कोणीतरी तोच आणला. मुले विचारतात, ‘काका, चहा कधी?’